पहिला कॅमेरा घेताना बॉडीआधी लेन्सचा विचार व्हावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की वृत्तपत्रांत कॅमेऱ्यांच्या जाहिराती दिसू लागतात आणि अनेक घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या पहिल्या ‘मोठ्या’ कॅमेऱ्याचा विषय निघतो. मी चिपळूण परिसरात हौशी छायाचित्रकारांचे वर्ग घेतो. या दिवसांत भेटायला येणारे विद्यार्थी आणि पालक पहिल्यांदा ‘कोणती बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यावी?’ असेच विचारतात. ज्या कॅमेऱ्याची लेन्स बदलता येते असा कॅमेरा घ्यायचा, त्यासाठी घरातले जपून ठेवलेले पैसे खर्च करायचे आणि लेन्सचा विचार मात्र सर्वांत शेवटी करायचा किंवा करायचाच नाही, हा क्रम उलटा व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेला मेगापिक्सेलचा आकडा नवशिक्यासाठी आता जवळजवळ गैरलागू झाला आहे. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र ६००० बाय ४००० बिंदूंचे असते, आणि प्रदर्शनात लावण्याजोगी १२ बाय १८ इंचांची प्रिंट एका इंचाला ३०० बिंदू या दराने काढायची तर ५४०० बाय ३६०० बिंदू पुरतात. म्हणजे आजच्या साध्यातल्या साध्या बॉडीनेही ही गरज भागते, आणि बहुतेकांची छायाचित्रे तर मोबाइलच्या पडद्यापलीकडे जातही नाहीत.

खरा फरक पडतो तो प्रकाश कमी झाल्यावर. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते) ५५ मिलिमीटरला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही; एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. त्याच बॉडीवर ५० मिलिमीटर एफ/१.८ ची साधी प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली लेन्स, लावली की सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर) साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश पडतो. आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत रंगणारे नमन हे लोकनाट्य किंवा सिंधुदुर्गातला दशावतार डोळ्यांसमोर आणावा. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, न वाढवता किट लेन्सने जिथे शटर एका सेकंदाचा विसावा भाग उघडे ठेवावे लागते आणि नाचणारे संकासुराचे पात्र पुसट होऊन जाते, तिथे एफ/१.८ ला सुमारे दोनशेवा भाग पुरतो आणि त्याची हालचाल बऱ्याच अंशी पकडता येते. लेन्समधले स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही, हेही दुकानात क्वचितच सांगितले जाते. घरच्या गणपतीची आरती असो वा हळदीचा समारंभ, आपल्या घरांतला प्रकाश असाच असतो. बॉडीवर आणखी दहा हजार घालण्यापेक्षा अशी एक लेन्स घेतली, तर चित्रांत दिसणारा फरक कितीतरी मोठा असेल.

मात्र नवशिक्यांच्या बहुतेक बॉडींचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराचा असतो, त्यामुळे ५० ची लेन्स तिथे ७५ किंवा ८० मिलिमीटरसारखी वागते. चेहऱ्यासाठी ते उत्तम, पण लहान खोलीत मागे सरकायला जागा उरत नाही. ज्यांना घर, रस्ता, बाजार, वारी असे विषय खुणावतात त्यांनी ३५ मिलिमीटरच्या आसपासची प्राइम पाहावी. अशी एकच लेन्स लावून काही महिने काम केले तर पायांनी पुढे-मागे होऊन चौकट बांधण्याची सवय लागते. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बहुतेक काम ५० मिलिमीटरच्याच लेन्सवर केले, हे मी प्रत्येक वर्गात आवर्जून सांगतो.

लेन्सनंतर माउंटचा, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे जोडली जाते त्या खोबणीच्या प्रकाराचा, विचार करावा, कारण बॉडी पाच-सात वर्षांत बदलते, लेन्स मात्र पुढच्या बॉडीवरही वापरायच्या असतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा आणि कॅननचा ईएफ १९८७ चा. या दोन्हींच्या लेन्स इतक्या खपल्या आहेत की जुन्या बाजारात त्या आजही सहज मिळतात. याउलट निकॉनची २०११ मध्ये आलेली ‘निकॉन १’ मालिका २०१८ मध्ये बंद झाली आणि कॅननच्या २०१२ च्या ईएफ-एम माउंटची गतही पुढे तीच झाली. ईएफ-एमच्या लेन्स कॅननच्या नव्या आरएफ बॉडीवर बसत नाहीत, त्यामुळे स्वस्त मिळतो म्हणून असा कॅमेरा घेणाऱ्याने पुढचा रस्ता बंद आहे हे जाणूनच घ्यावा. आज कॅनन आरएफ, निकॉन झेड, सोनी ई आणि फुजीफिल्म एक्स हे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांचे माउंट चालू आहेत, आणि बहुसंख्य नवीन लेन्स यांच्यासाठी येतात.

म्हणून नवा कॅमेरा घेण्याची ऐपत असेल तर मिररलेस घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर असलेला घ्यावा. निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० हे कॅमेरे व्हिडिओसाठी चांगले आहेत, पण त्यांना व्ह्यूफाइंडर नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात नुसत्या मागच्या पडद्यावर चौकट जुळवणे फार कठीण जाते. कॅनन आर५० किंवा निकॉन झेड५० यांना तो आहे. पैसे मोजकेच असतील तर सेकंडहँड डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला जुन्या पद्धतीचा कॅमेरा, घेण्यात काहीही कमीपणा मानू नये. उलट बॅटरीच्या बाबतीत ते सरसच असतात. निकॉन डी३५०० एका चार्जवर बॅटरी चाचणीच्या ठरलेल्या मानकाप्रमाणे सुमारे दीड हजार छायाचित्रे देतो, आणि वारीच्या वाटेवर, जिथे चार्जिंगची सोय मिळेलच असे नाही, तिथे हे फार मोलाचे ठरते. कॅननची ईएफ लेन्स पुढे अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालते. निकॉनच्या बाबतीत मात्र सावध राहावे, कारण डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींत फोकसची मोटर नसते आणि ५० मिलिमीटर एफ/१.८डी सारखी जुनी लेन्स त्यांवर फक्त हाताने फोकस करावी लागते. स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि ऑटोफोकस चालेना, अशी तक्रार घेऊन येणारे बरेच जण भेटतात.

सेकंडहँड घेताना मुंबईच्या बोरा बाजारात जा की ओळखीच्या माणसाकडून घ्या, लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ती बुरशी असते, आणि कोकणातल्या हवेत ती वाढतच जाते. एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचे छायाचित्र काढून सेन्सरवरचे डाग तपासावेत. बॉडीचा शटर काउंट, म्हणजे तिने आजवर काढलेल्या छायाचित्रांची संख्या, हीही विचारावी, कारण या वर्गातल्या डीएसएलआरचे शटर साधारण एक लाख छायाचित्रांच्या हिशेबाने बनवलेले असते. नव्या कॅमेऱ्याच्या बाबतीत, बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळत असेल तर कंपनीची भारतातली हमी त्याला लागू आहे का हे लेखी घ्यावे आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा.

बुरशीबद्दल आणखी थोडे लिहिणे भाग आहे, कारण मुंबईपासून सावंतवाडीपर्यंत पावसाळ्यात सर्वाधिक लेन्स तिनेच खराब होतात. कॅमेरा चामड्याच्या पेटीत घालून चार महिने कपाटात ठेवणे सर्वांत वाईट. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल, इतकी सोयही पुष्कळ होते. जेलचे निळे खडे गुलाबी झाले की ते तापवून कोरडे करावेत, आणि कॅमेरा अधूनमधून बाहेर काढून वापरावा.

भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि ताडोबाचा वाघ यांच्या ओढीने पहिल्याच दिवशी दोन लेन्सचा संच घेणारे पुष्कळ आहेत. त्यातली दुसरी लेन्स बहुधा २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंतच जाते. दूरच्या पक्ष्याला ती अपुरी पडते आणि वर्षभर पिशवीतच राहते. ज्याला खरोखर पक्षीच टिपायचे आहेत त्याने ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्ससाठी पैसे साठवावेत आणि तोवर जुन्या बॉडीवर भागवावे.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की सणाच्या पुरवणीत नव्या बॉडींच्या किमतींबरोबर प्रत्येक माउंटला परवडणारी किमान एक प्राइम लेन्स आणि तिची किंमतही छापावी. दुकानदारांनी अशी एक लेन्स ग्राहकाला बॉडीवर लावून पाहण्यासाठी काउंटरवर ठेवावी. महाविद्यालयांच्या छायाचित्रण मंडळांनीही एखादी बॉडी आणि दोन-तीन लेन्स विद्यार्थ्यांना आठवडाभर घरी नेऊ द्याव्यात, म्हणजे पैसे खर्च करण्याआधी आपल्याला काय टिपायला आवडते हे त्यांना कळेल.

आपला,
एक वाचक, चिपळूण