मागितला डेस्कटॉप, माथी मारला लॅपटॉप

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी चुकीची माहिती देऊन विकलेला लॅपटॉप परत घेण्याबाबत

महोदय,

'मशीनमध्ये दोष नाही' असा शेरा मारून तुमच्या सर्व्हिस सेंटरने माझी तक्रार बंद केली. मशीनमध्ये दोष आहे असं मी म्हटलंच नव्हतं. तक्रार विक्रीबद्दल आहे, म्हणून हे पत्र.

सांगलीत माझी छोटी रेकॉर्डिंग रूम आहे. भजनी मंडळं, शाळांची गाणी, अधूनमधून एखादी जाहिरात. खरेदीआधी तुमच्या सल्लागाराला मी चॅटवर सगळं लिहून दिलं होतं : संगणक जागेवरून हलणार नाही, तीस-चाळीस ट्रॅकचं सेशन असतं, गाणाऱ्याला हेडफोनमध्ये रिव्हर्बसकट (घुमाऱ्यासकट) आवाज लागतो, आणि मला डेस्कटॉपच हवा आहे. त्यावर उत्तर आलं, "सर, आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन. लॅपटॉप घ्या, लाइट गेली तरी काम थांबणार नाही. रॅम नंतर ३२ जीबी करता येईल."

यातलं एकही वाक्य टिकलं नाही.

लॅपटॉपमधला प्रोसेसर आय-सेव्हन १२५५यू आहे. त्याच्या दहा कोअरपैकी (प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांपैकी) जोरदार दोनच, आणि मूळ वीजमर्यादा १५ वॅट. मी विचारलेल्या डेस्कटॉपमध्ये आय-सेव्हन १२७०० होता : बारा कोअर, त्यांपैकी आठ जोरदार, ६५ वॅट. इंटेलने हे आकडे उघड दिलेले आहेत. ते गिऱ्हाइकाला सांगणं सल्लागाराचं काम होतं.

आमच्या कामात या फरकाचा थेट परिणाम होतो. ४८,००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेताना, बफर (एका वेळी हाताळायच्या नमुन्यांची संख्या) १२८ ठेवला, तर आवाजाचा प्रत्येक तुकडा संगणकाला २.७ मिलिसेकंदांत उरकावा लागतो. एकदा जरी उशीर झाला तरी आवाजात 'कट्' असं ऐकू येतं, आणि बऱ्याचदा तो टेक वाया जातो. सुरुवातीला लॅपटॉप नीट चालतो. मग तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि तडतड सुरू होते. ध्वनिमुद्रण चालू असताना खोलीतला पंखा आणि एसी बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात सांगलीतली बंद खोली काय असते हे वेगळं सांगायला नको. वर लॅपटॉपचा पंखा असा घोंघावतो, की तानपुऱ्याशेजारी कुणी दुसराच सूर धरून बसल्यासारखं वाटतं. कंडेन्सर माइक तोही इमानेइतबारे टिपतो. डेस्कटॉपचा डबा मी भिंतीपलीकडे ठेवणार होतो. एका मंडळाचे अभंग मला पुन्हा रेकॉर्ड करावे लागले, त्याचे पैसे कुठल्या तोंडाने मागणार?

तुमच्या तंत्रज्ञाने बफर १०२४ करायला सांगितलं. मिक्सिंगला ते चालतं. गाताना मात्र तेवढ्यानेच एका बाजूचा उशीर २१ मिलिसेकंदांवर जातो, आत-बाहेर मिळून चाळिशीच्या पुढे. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागून येऊ लागला की लय ओढली जाते, आणि टाळकरी तर वैतागून थांबतोच. रिव्हर्ब काढून कोरडा आवाज थेट इंटरफेसमधून (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून) ऐकवता येतो, पण मला काय लागतं हे मी आधीच कळवलं होतं. दुसरा सल्ला कूलिंग पॅडचा. म्हणजे खोलीत आणखी एक पंखा!

लाइटचं म्हणाल तर माझ्याकडे यूपीएस आहेच. शिवाय चार्जर काढला की हा लॅपटॉप आणखी मंदावतो.

राहिली रॅम. तुमच्याच तंत्रज्ञाने झाकण उघडून दाखवलं : १६ जीबी बोर्डवरच सोल्डर केलेली, मोकळा स्लॉट नाही. वेगाबद्दल वाद घालाल, याबद्दल काय घालणार?

लॅपटॉप वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. गावोगावच्या कार्यक्रमांत लाइव्ह रेकॉर्डिंग करणाऱ्याने लॅपटॉपच घ्यावा. मी तसं काम करत नाही, आणि ते तुम्हाला माहीत होतं.

माझी मागणी अशी : लॅपटॉप परत घेऊन मी मूळ विचारलेला डेस्कटॉप द्यावा आणि किमतीतला फरक मिटवावा, नाहीतर वापराची घट न धरता पूर्ण रक्कम परत करावी. तुमच्या संकेतस्थळावर या मॉडेलखाली 'स्टुडिओसाठी डेस्कटॉपइतकाच सक्षम' असं लिहिलं आहे, तेही काढावं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार करीन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही.

आपला ग्राहक,
सांगली

सोबत : बिलाची प्रत, चॅटचा मजकूर, सर्व्हिस सेंटरचा शेरा, तडतडीचा नमुना असलेली ध्वनिफीत