गाडीची काच दोन बोटं खाली ठेवून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्र्याला सोबत घेऊन गाडीने भटकण्यावरचा लेख कालच्या रविवार पुरवणीत वाचला. सुरुवातीला फार बरं वाटलं. आमच्याकडे सात वर्षांची गावठी कुत्री आहे, साळू. तिला मागे ठेवून आम्ही कुठेच जात नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईला जाताना कसारा घाटाची वळणं टळतात आणि गाडी लागणाऱ्या कुत्र्यांची सुटका होते, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. साळू घाटात हमखास ओकायची.

पण पुढे जेवणासाठी थांबण्याचा सल्ला आहे. गाडी सावलीत लावावी, काच दोन बोटं खाली ठेवावी आणि निवांत जेवून यावं. हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. हेच आम्ही केलं होतं.

गेल्या मे महिन्यात आम्ही चांदवडला नणंदेकडे निघालो होतो. निघायलाच साडेदहा वाजले. पिंपळगाव बसवंतच्या पुढे एका हॉटेलात थांबलो. कुत्रं आत चालणार नाही म्हणाले, ते मान्य केलं. बाहेरच्या मांडवात कोपऱ्यात बसतो, पट्टा हातात धरतो म्हटलं, तर तेही नको. "गाडीतच असू द्या ना काकू, काच जरा उतरवा," असं गल्ल्यावरच्या माणसाने सांगितलं. गाडी कडुनिंबाखाली होती. आम्ही ऐकलं. वीस-पंचवीस मिनिटांत सावली बाजूला सरकली होती. परत आलो तेव्हा मागच्या काचेवर लाळेचे ओघळ होते. साळूची जीभ जांभळट पडली होती आणि दार उघडल्यावर तिला उभं राहता येईना.

ट्रक धुणारा एक पोरगा न बोलावता पाइप घेऊन धावत आला. पोटावर, जांघेत, पंजांवर पाणी सोडलं, एसी लावला आणि थेट चांदवडच्या पशुवैद्यांचं दार गाठलं. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. एवढं पाणी ओतूनही तिचं १०६ भरलं. सलाइन लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी दहा मिनिटं गेली असती तर हाती काही लागलं नसतं. त्या पोराचं नावही मी विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो फक्त पंजांना येतो. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर असते, आणि कोंडलेल्या गरम हवेत धापा टाकून अंग निवत नाही. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच पारा दहाएक अंश सेल्सियसने चढतो. काच थोडी खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. जनावराला यातना होतील अशा रीतीने वाहून नेणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि तुमची पुरवणी तोच प्रकार प्रवासाची युक्ती म्हणून छापते? छापण्याआधी एखाद्या पशुवैद्याला फोन करायला किती वेळ लागला असता? लेखासोबतच्या फोटोतलं कुत्रं धावत्या गाडीतून मान बाहेर काढून बसलं आहे. डोळ्यात खडा गेला, किंवा करकचून ब्रेक दाबला, तर काय होईल? आम्ही साळूला छातीचा पट्टा घालतो आणि तो मागच्या सीटबेल्टला अडकवतो.

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी तिला चांदवडच्या रंगमहाल वाड्यामागच्या गल्ल्यांतून हळूहळू फिरवलं. ओट्यांवर कुरडया-पापड वाळत घालायची बायकांची लगबग चालली होती. त्या वासाने तिने पहिल्यांदा शेपूट वर केलं. तुमचे लेखक म्हणतात, शांत गल्लीत कुत्र्याला मोकळं सोडावं. अजिबात सोडू नये. गल्ली आपल्याला शांत वाटते, पण तिथल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. पाहुणं कुत्रं मोकळं दिसलं की चारी बाजूंनी अंगावर येतात. आणि कुणाच्या वर्षभराच्या पापडांपाशी आपल्या कुत्र्याने तंगडी वर केली, तर त्या माउलीला काय तोंड दाखवायचं? पट्टा आखूड धरावा, पिशवी खिशात ठेवावी, घाण आपणच उचलावी.

जाता जाता आणखी एक. पहाटे साडेपाचला आम्ही तिवंधा, तांबट लेन, सरकारवाडा असा फेरा मारतो. दुकानं उघडण्याआधीचं जुनं नाशिक पायी बघावं ते याच वेळी. पण गेले काही महिने या वाटेवर खोदकामाची पडलेली खडी आणि रात्रीच्या बाटल्यांच्या काचा आहेत. साळूच्या पंजाला दोनदा टाके पडले. तिथे अनवाणी देवळात जाणारी म्हातारी माणसंही आहेत. याची बातमी तुमच्या पेपरात एकदाही आली नाही.

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही विनंती. शाळांना सुट्ट्या लागताहेत, लोक गाड्या काढतील.

आपली,
एक नियमित वाचक
तिडके कॉलनी, नाशिक