बोअरची खोली आणि खडकाचे वय

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापला की इंदूरमध्ये बोअरिंगच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांत 'सातशे फुटांवर अमुक कोटी वर्षांपूर्वीचा खडक लागला' असे एखादे वाक्य असतेच. फूट मोजून खडकाची वर्षे निघत नाहीत. निघालाच तर क्रम निघतो, आणि तोही पारखून घ्यावा लागतो.

खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने १६६९ साली मांडला. पण तो एका जागच्या उभ्या छेदापुरता. राजवाड्याजवळ शंभर फुटांवर लागलेला खडक आणि राऊकडे शंभर फुटांवर लागलेला खडक एकाच वयाचे, असे त्यातून मुळीच ठरत नाही. लाव्हा खोलगट भागांत आणि दऱ्यांत शिरतो, त्यामुळे नंतरचा थर आधीच्यापेक्षा कमी उंचीवरही सापडू शकतो. नदीकाठच्या गाळाचे तर कित्येकदा उलटेच: पात्र खोल जात गेले, की सर्वांत उंचावरची पायरी सर्वांत जुनी.

माळव्यातला बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, सगळाच काळा. मग एक थर संपून दुसरा सुरू झाला हे कळायचे कसे? तळाशी पोकळ्यांचा पट्टा अरुंद असतो, त्यात नळीसारख्या उभ्या पोकळ्या दिसल्या तर तो तळच समजावा. मधला भाग घट्ट, हातोडी उडवून लावणारा. माथ्याकडे पोकळ्यांची दाटी, कारण थिजत्या लाव्हातले वायू वर चढून तिथेच अडकतात. पुढे त्यांत झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट ही खनिजे भरतात. माथ्यावर पुष्कळदा लाल मातीचा पट्टा असतो, कुठे चार बोटे तर कुठे हात-दोन हात. पुढचा लाव्हा येण्याआधी तो पृष्ठभाग उघडा पडून कुजला, त्याची ही खूण. किती वर्षे उघडा होता ते मात्र नुसत्या जाडीवरून सांगता येत नाही. नवशिके भरलेल्या पोकळ्यांपाशी हमखास फसतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, फेस आला, की 'चुनखडक' लिहून मोकळे! फेस कॅल्साइट (चुनखडकातलेच खनिज) भरलेल्या पोकळीचा असतो. थेंब पोकळी टाळून टाकावा. नमुना फोडण्याआधी त्यावर वरची बाजू दाखवणारा बाण काढावा; घरंगळून आलेल्या धोंड्यावर बाण काढण्यात अर्थ नाही.

खरा घोळ सिलमुळे होतो. दोन थरांच्या फटीत शिलारस शिरून आडवा थिजला की तो थरासारखाच दिसतो, पण असतो वरच्या थराहूनही नंतरचा. उघड्यावर वाहिलेला लाव्हा फक्त खालच्या खडकाला भाजतो, सिल खाली-वर दोन्हीकडे. तिच्या पोटात वरच्या खडकाचे तुकडेही सापडू शकतात, आणि ज्याचा तुकडा तो आधीचा. थर उभे चिरत गेलेली डाइक त्या मानाने सोपी: जेवढे थर तिने कापले, त्या सर्वांनंतरची. मात्र वरचा थर कापलेला नाही एवढ्यावरून तो डाइकनंतरचा ठरत नाही. ती तिथवर पोचलीच नसेल. तिच्या झिजलेल्या माथ्यावर थर बसलेला दिसला, तरच क्रम पक्का.

जाडी आणि काळ यांची फारकत पाहायची तर धार जिल्ह्यातले बाघ गाठावे. तिथे ग्रॅनाइट-नाइस या प्राचीन स्फटिकी खडकांवर निमाड वालुकाश्म आहे, तळाशी जुन्या खडकांचे गोटे घेऊन. त्यावर अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्यांचे जीवाश्म असलेला चुनखडक, काही ठिकाणी लमेटा नावाच्या गाळाच्या खडकांचे थर, आणि मग बेसाल्ट. चुनखडक सुमारे नऊ कोटी वर्षांचा, तळचे खडक शंभर कोटींहून जुने. मधला सारा काळ एका सांध्यात गडप. जीवाश्मांमुळे दूरदूरचे चुनखडक जुळवता येतात. बेसाल्टात ती सोय नाही, तिथे रासायनिक घटक आणि खडकात गोठलेली चुंबकीय दिशा तपासावी लागते. वर्षांचा आकडा त्यानंतर, प्रयोगशाळेतून.

बोअरचा चुराही जपूनच वाचावा. वरचा मुरूम, लाल माती भोकाच्या भिंतीवरून सुटून खालच्या चुऱ्यात मिसळते. म्हणून खोल जाताना एखादा खडक प्रथम कुठे दिसला तो आकडा विश्वासाचा, शेवटचा कुठे दिसला तो नव्हे. दर दहा फुटांना मूठभर चुरा धुऊन, पिशवीवर खोली लिहून घरमालकांनी ठेवून घ्यावा. केसिंग (भोकात बसवलेला पाइप) किती फुटांपर्यंत उतरवले तेही टिपावे. बातमीदारांनी वयाऐवजी लाल पट्टा किती फुटांवर लागला हे विचारले तर वाचकांच्या जास्त उपयोगाचे, कारण पट्ट्याची चिकट माती पाणी फारसे सोडत नसली तरी त्याखालच्या पोकळ्यांच्या, भेगाळ माथ्यात ते मिळण्याचा संभव अधिक असतो.

आपला,
भूशास्त्राचा एक शिक्षक, इंदूर