शिसवी कपाट भंगारात, ‘मॅनॉर’ दिवाणखान्यात

महोदय,

आपल्या घरसजावटीच्या पुरवणीत इंग्लिश ‘कंट्री हाउस’ शैलीच्या पुनरागमनाविषयी आलेला लेख वाचला. फुलाफुलांचे पडदे, जाड गालिचे, लाकडाने मढवलेल्या भिंती, सोनेरी चौकटींतील तैलचित्रे आणि छताला भिडलेली पुस्तकांची कपाटे यांचे वर्णन त्यात छान उतरले आहे. मात्र ही शैली ज्या परिस्थितीतून घडली तिचा उल्लेख लेखात नाही, आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या संकुलांतील नमुना सदनिका पाहिल्यावर ती परिस्थिती तिथल्या सजावटकारांच्याही गावी नसावी असे वाटते.

आज जिला आपण ‘कंट्री हाउस’ सजावट म्हणतो ती इंग्लिश जमीनदारांच्या ‘मॅनॉर’ हवेल्यांइतकी जुनी नाही. तिला हे रूप बऱ्याच अंशी लंडनमधील घरसजावटीच्या एका पेढीने दिले. सिबिल कोलफॅक्स यांच्या या पेढीत सजावटकार जॉन फाउलर 1938 साली आले आणि 1944 साली ती व्हर्जिनियात जन्मलेल्या, पुढे नॅन्सी लँकेस्टर या नावाने प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन बाईंनी विकत घेतली. हा काळ इंग्लंडमधील जमीनदार घराण्यांच्या उतरणीचा होता. वारसाकर भरता भरता जमिनी विकल्या जात होत्या, नोकरचाकर मिळेनासे झाले होते आणि विसाव्या शतकात शेकडो हवेल्या जमीनदोस्त झाल्या. इतक्या की 1974 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसावरच एक प्रदर्शन भरवले. अशा दिवसांत आजोबांची खुर्ची टाकून न देता तिला नवे अस्तर घालणे, विटलेला पडदा तसाच राहू देणे आणि चार पिढ्यांच्या वस्तू एका खोलीत नांदवणे यातून ही शैली उभी राहिली. नवे कापड फार कोरे दिसू नये म्हणून ते चहाच्या पाण्यातून काढण्याची लँकेस्टरबाईंची रीत तर प्रसिद्धच आहे.

त्या थाटामागच्या पैशाचा काही भाग कोठून आला हेही आपण विसरू नये. वेल्समधील पॉविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा चिटाचा, म्हणजे रंगीत फुलाफुलांच्या सुती कापडाचा, तंबू आजही आहे, आणि जुन्या वास्तू जतन करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने 2020 साली स्वतःच्याच अहवालात वसाहती व गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या ताब्यातील 93 वास्तूंची नोंद केली. ज्या फुलाफुलांच्या कापडाशिवाय ही शैली पुरी होत नाही, ते चीटही मुळात आपल्याकडचे. मछलीपट्टणच्या परिसरातील रंगारी तुरटी लावून ‘चाय’ या झाडाच्या मुळीचा लाल आणि निळीचा निळा असा पक्का रंग सुती कापडावर चढवत की तो धुण्याने जात नसे. या कापडाने इंग्लंडच्या विणकरांची झोप उडवली. 1701 पासून तेथे रंगीत छापील भारतीय कापडाच्या आयातीवर आणि 1721 च्या कायद्याने छापील सुती कापडाच्या वापरावरच बंधने आली. आज तेच नमुने परदेशी कापडाच्या भावात आपल्या दिवाणखान्यांत परत येत आहेत, याची गंमत वाटते.

आता ठाण्याकडे येतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची किमान उंची 2.75 मीटर असते आणि बहुतेक सदनिका त्याहून फार उंच नसतात. तेवढ्यात पीओपीचे छत, त्याला नक्षीदार कॉर्निस आणि खाली झुंबर लावले की उंच माणसाने सांभाळूनच चालायचे. एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) साचे चिकटवून केलेली भिंतीची ‘लाकडी’ चौकट पहिल्या एकदोन पावसाळ्यांत कडांना फुगते, भिंतीवरच्या कागदामागे बुरशी धरते आणि गालिच्याला जो कुबट वास लागतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. इंग्लंडमध्येही पाऊस असतोच; पण तिथल्या खोलीत शेकोटी पेटती असे, आपल्याकडे जुलैत खिडक्या लावून पंखा फिरतो.

माझा खरा आक्षेप मात्र याच्या पुढचा आहे. नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात सुरू आहे. घर रिकामे करताना शिसवी कपाट, सागवानी पलंग, वेताने विणलेली आरामखुर्ची, कड्यांचा झोपाळा या वस्तू भाड्याच्या घरात मावत नाहीत म्हणून भंगारवाल्याला मिळेल त्या भावात दिल्या जातात. त्यांतल्या बऱ्या वस्तू जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जातात, पॉलिश होऊन उभ्या राहतात आणि अनेकपट किमतीला विकल्या जातात. त्याच कुटुंबातला मुलगा नव्या सदनिकेसाठी ‘जुन्या धाटणीचे’ कपाट कारखान्यातून करवून घेतो. ज्याला ही इंग्लिश शैली मनापासून आवडते त्याने आधी घरातले कपाट राखावे. तिचा मूळ नियम तोच आहे. जागा नाही ही अडचण मला मान्य आहे, पण सागवानी कपाट खोलून पुन्हा जोडता येते, आणि दोन वर्षे ते नातेवाइकांकडे ठेवण्याचा खर्च नव्या कपाटाहून नक्कीच कमी येतो.

म्हणून आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. नमुना सदनिकांच्या छायाचित्रांसोबत एखादे पान जुन्या लाकडाच्या डागडुजीलाही द्यावे: लाखेचे पॉलिश कसे करतात, वेत नव्याने विणायला साधारण किती मजुरी पडते, वाळवी लागलेला पाय कापून जोड कसा देतात आणि हे काम जाणणारे सुतार ठाणे-कळव्यात कोठे भेटतात. पुनर्विकासाच्या तयारीत असलेल्या गृहनिर्माण संस्थांनीही विकासकाशी करार करताना सभासदांच्या अशा सामानाच्या साठवणीचा मुद्दा चर्चेला घ्यावा; भाडे आणि वाहनतळ यांवर रात्र रात्र सभा चालतात, त्यात हा विषय दहा मिनिटांचा आहे.

आपला,
एक नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)