सूचना : बंदुकांच्या कायद्यावरून नातेवाइकांशी फेसबुकवर होणारे वाद

सर्व सभासदांना नमस्कार.

अमेरिकेत गोळीबाराची बातमी आली की आपल्याच घराघरांत वाजतं. साडूने पोस्ट टाकायची, मेहुणीने खाली तिखट लिहायचं, आणि मग फराळाला एकमेकांकडे जाणं बंद. याचं फार वाईट वाटतं, म्हणून ही कळकळीची विनंती.

उत्तर टाइप करण्याआधी फोन करा. रात्री दुकान बंद करून रोकड घेऊन एकटा घरी येणारा भाऊ पिस्तूल का बाळगतो, ते त्याच्याच तोंडून ऐका. टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत 2022 साली गोळीबारात 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तेव्हापासून मुलांना शाळेत सोडताना वहिनीच्या पोटात का गोळा येतो, तेही ऐका.

लिहायचंच असेल तर नीट माहिती घेऊन लिहा. अमेरिकेत बंदुका विकणाऱ्या परवानाधारक दुकानदाराला ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावीच लागते. अधूनमधून एखादी बंदूक विकणाऱ्या खासगी माणसावर केंद्राच्या कायद्याने ते बंधन नाही. काही राज्यांनी मात्र ते घातलं आहे. आणखी एक, जे वादात हमखास राहून जातं: तिथल्या बंदुकीच्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. शस्त्र कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, एवढ्यावर तरी दोन्ही बाजूंचं जमावं.

नातेवाइकांच्या पोस्टचे स्क्रीनशॉट मंडळाच्या ग्रुपवर टाकू नयेत. टाकल्यास काढून टाकले जातील.

– सचिव