डग्गा फुगतो तो खोलीमुळे

महोदय,

आपल्या पुरवणीत घरच्या हाय-फाय यंत्रणेवरचा लेख वाचला. अँप्लिफायर आणि केबलला त्यात भरपूर जागा मिळाली, स्पीकरला दोन ओळी आणि खोलीला एकही नाही. म्हणून हे पत्र.

मी तबला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी दहा बाय बाराच्या खोलीसाठी स्पीकर घेतले आणि जागा वाचावी म्हणून कोपऱ्यांत भिंतीला टेकवून ठेवले. ध्वनिमुद्रणात वादकाने डग्ग्यावर, म्हणजे तबलाजोडीतल्या खर्जाच्या वाद्यावर, मींड घेतली की सूर सरकत जायच्या ऐवजी मध्येच एका जागी भसकन फुगायचा आणि पुढे विरून जायचा. दुकानदाराने दोष वायरवर ढकलून १८,००० रुपयांची केबल गळ्यात मारली. फुगवटा होता तिथेच राहिला. शेवटी मुलाने पडद्याआड ती केबल आणि इलेक्ट्रिशियनकडची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आलटूनपालटून लावली. कोणती वायर लागली आहे हे सांगताना दहापैकी पाच वेळा माझे उत्तर चुकले. तीन मीटरच्या त्या वायरचा जाऊन-येऊन विद्युत रोध ०.०४ ओहमच्या आसपास, स्पीकर आठ ओहमचे. फरक कानाला कळणार कसा?

दोष खोलीत होता. समोरासमोरच्या भिंतींत बारा फूट अंतर असले की साधारण ४७ हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा सूर तिथेच अडकून मोठा होतो. कोपरा त्याला आणखी बळ देतो. स्पीकर दोन फूट पुढे ओढले, माझी खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली आणि मींड सलग ऐकू आली. पैसा एक लागला नाही! तबल्याच्या काठावरचा, चाटीचा ‘ना’ हा बोल कानाला टोचत होता, तो उघड्या फरशीवर जाड सतरंजी टाकल्यावर निवळला.

अँप्लिफायरमध्ये स्पीकर पेलण्याइतकी ताकद हवीच. पण चांगल्या अँप्लिफायरची विकृती, म्हणजे मूळ आवाजात तो करणारी भेसळ, ०.१ टक्क्याच्या आत असते, स्पीकर खर्जात सहज एक टक्का ओलांडतात. तबकड्या ऐकणाऱ्यांनी सुईही तपासावी. ती झिजली की गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ फाटतात. बाकी निम्मे पैसे तरी स्पीकरवरच घालावेत.

विक्रेत्यांना विनंती, की स्पीकर दोन दिवस घरी नेऊन ऐकू द्यावेत. ग्राहकानेही दुकानात जाताना आपल्या कानात बसलेले एखादे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. मी विलंबित तीनतालाचे नेतो.

– एक तबलाशिक्षक, डोंबिवली