ऊस उभा होता की तोडलेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रहस्यकथांवरचा लेख दोनदा वाचला. बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजारपासून सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासपर्यंत सगळ्यांची आठवण निघाली, बरं वाटलं. पण लहान गावातला वकील रहस्यकथेचा नायक होऊ शकत नाही, कारण तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, हे लेखकाचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. तालुका कोर्टात मी ३१ वर्षं फौजदारी कामं केली, म्हणून राहवलं नाही.

‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ ही १९५८ची अमेरिकन कादंबरी लेखकाने जरूर वाचावी. रॉबर्ट ट्रॅव्हर हे टोपणनाव; खरे लेखक जॉन व्होल्कर. मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, लोखंडाच्या खाणींच्या ईशपेमिंग गावात ते जन्मले, त्याच भागात सरकारी वकील होते आणि पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९५२मध्ये त्यांनी स्वतः लढवलेल्या एका खुनाच्या खटल्यावर ही कादंबरी बेतलेली आहे. नायक पॉल बीगलर सरकारी वकिलाची निवडणूक हरलेला, कामापेक्षा मासेमारीत जीव असलेला. एका लष्करी लेफ्टनंटने बारमालकाला गोळ्या घातल्या आहेत. माझ्या बायकोवर त्याने बलात्कार केला, असं तो सांगतो. खून कोणी केला हे पहिल्यापासून माहीत आहे. तरी शेवटपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही, कारण गोळी झाडताना त्या माणसाच्या मनात काय होतं, हेच रहस्य आहे.

त्यात एक प्रसंग आहे, तो प्रत्येक वकिलाने वाचावा. बीगलर अशिलाला ‘काय झालं ते सांग’ असं म्हणत नाही. आधी कायदा समजावून सांगतो, कुठला बचाव चालतो आणि कुठला चालत नाही ते सांगतो, आणि मग उत्तराची वाट बघतो. अशिलाच्या तोंडी शब्द घातले का? घातले नाहीत. पण वाट दाखवली. ओसरीवर आरोपीचा बाप आणि भाऊ बसलेले असताना ‘आधी हकीकत की आधी कलम’ हा पेच माझ्यापुढे कितीदा आला असेल! लेखकाने वकिलाला धुतल्या तांदळाचा दाखवलेला नाही, म्हणून हे पुस्तक मला खरं वाटतं.

आपल्याकडे नानावटी खटला सगळ्यांना माहीत आहे. त्यातही गणवेशातला अधिकारी, पत्नी आणि गोळ्या: नौदलातल्या नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या होत्या. १९५९मध्ये मुंबईत ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. दुपारी दीडला घर सोडलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडल्या. मधे राग शांत व्हायला पुरेसा वेळ होता, असं न्यायालय म्हणालं. त्या जवळजवळ तीन तासांवर सगळा निकाल फिरला. ‘आवरता न येणारी ऊर्मी’ हा बीगलरचा बचाव आपल्या कायद्यात बसत नाही. म्हणजे आपल्याकडच्या वकिलाला दुसरी वाट शोधावी लागणार, आणि मराठी कादंबरी तिथूनच वेगळी होईल.

सगळ्यांना सगळं ठाऊक असतं म्हणतात, त्याचं एक उदाहरण देतो. एका खुनात साक्षीदाराचं म्हणणं, विहिरीच्या काठावरून मी वार होताना पाहिला. माघात मी स्वतः एसटीने जाऊन विहिरीवर उभा राहिलो. जागा स्वच्छ दिसत होती. अशील गेला, असंच वाटलं. तेवढ्यात खुरपणीला आलेल्या एक आजी म्हणाल्या, “वकीलसाहेब, गणपतीत हितं डोक्याच्या वर ऊस हुता की!” पंचनाम्यात चतुःसीमा होती, गट नंबर होता, उभ्या पिकाचा उल्लेख नव्हता. साखर कारखान्याच्या गट ऑफिसात दोन दिवस बसलो तेव्हा तोडणीची तारीख मिळाली: घटनेनंतर तीन महिन्यांनी. उलटतपासात पहिला प्रश्न उसाचाच विचारला. साक्षीदार बराच वेळ गप्प राहिला, मग त्याने पाणी मागितलं.

अख्ख्या गावाला त्या उसाची माहिती होती. कोणी कोणाला विचारलं नव्हतं, एवढंच.

झुंजार मलाही आवडतो, पण असा शोध त्याच्या वाट्याला यायचा नाही. खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालतो हे खरं, पण पहिला रिमांड आमच्याच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होतो, पंच आमच्याच बाजारपेठेतले असतात आणि फितूर झालेला साक्षीदार संध्याकाळी आमच्याच शेजारी चहा पितो. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२चं १०३ झालं. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आता करावं लागतं. नव्या लेखकाला यात केवढं सामान आहे!

माझी विनंती एकच. दिवाळीच्या पुरवणीत तालुका कोर्टातल्या रहस्यकथांसाठी दोन पानं राखून ठेवा, आणि त्या कथा वकिलांकडून, कोर्टातल्या कारकुनांकडून मागवा. माझ्या जुन्या डायऱ्या, पक्षकारांची नावं झाकून, ज्याला लिहायचं असेल त्याला दाखवायला मी तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त वकील, सांगली जिल्हा